अटकेतले पेढे

आमच्या सोसायटीत कुणाला नोकरी लागली, की पेढ्यांचा बॉक्स आधी देवापुढे जातो, मग सातव्या मजल्यापासून खाली येत येत शेवटी तळमजल्यावर दामूकाकांच्या दारात पोचतो. शेवटी, कारण तिथे वेळ लागतो. दामूकाका पेढा हातात घेतात, उलटासुलटा करून बघतात आणि विचारतात, "कागद आला काय?" कागद म्हणजे नेमणुकीचं पत्र. आला म्हटलं, तर पुढचा प्रश्न, "पगार पडला काय?" पगार पडायला अजून महिना आहे म्हटलं, की काका "बरं" म्हणतात, आत जातात, पेढा एका स्टीलच्या डबीत घालतात, डबीवर नावाची चिठ्ठी चिकटवतात आणि डबी फ्रीजमध्ये ठेवून देतात. पहिल्या पगाराचा मेसेज मोबाइलवर दाखवला, की पेढा सुटतो. तोपर्यंत अटकेत.

मी तो फ्रीज डोळ्यांनी पाहिलाय. खालच्या कप्प्यात बोंबील आणि वरच्या कप्प्यात अख्ख्या सोसायटीचं भवितव्य. तिसऱ्या मजल्यावरच्या शहांच्या चिरागचा पेढा सात महिने आत होता. सुटला तेव्हा काकांनी तो अडकित्त्याने फोडला, चहात बुडवला आणि डोळे मिटून खाल्ला. "गोड हाय," म्हणाले. चिराग बिचारा ओशाळून उभा.

दामूकाका म्हणजे दामोदर पाटील. इथल्या मोरवा गावचे, पिढ्यान्‌पिढ्यांचे. आमची बिल्डिंग उभी आहे ती त्यांच्या भातशेतीवर, त्यामुळे पार्किंगवरून भांडणं झाली की त्यांच्यापुढे कुणाचं फार चालत नाही. ते मिठागरावर मुकादम होते. उमेदीची सगळी वर्षं उन्हात गेली, म्हणून छत्रीची सवय जडली ती जडलीच. बारा महिने, तेरा त्रिकाळ हातात काळी छत्री, आणि तिला एक हिरवं ठिगळ. दोन गल्ल्यांवरूनही कळतं, दामूकाका येतायत. काकी गेल्यापासून घरात एकटेच. मुलगा निलेश वापीला. रविवारी त्याचा फोन येतो, दोन मिनिटांचा. आम्ही गिरगावातून इथे आलो तेव्हा मला वाटलं होतं, शेजारी साधा माणूस आहे, बरं झालं. मुंबईतून आलेलो आम्ही, म्हणजे जगातली अर्धी अक्कल बरोबर घेऊनच आलो होतो.

तर या साध्या माणसाला एक भयंकर नाद आहे. एमबीएच्या कॉलेजांचा.

दरवर्षी मासिकांचे ते कॉलेजांच्या क्रमवारीचे अंक निघाले, की दामूकाका स्टेशनसमोरच्या पेपरवाल्याकडून सगळे उचलतात. जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडतात, नाकाच्या शेंड्यावर चष्मा लावतात आणि एकेका कॉलेजाला बोटाने धरून या पानावरून त्या पानावर नेतात. "ह्या बग वैनी. या पुस्तकात नववा, त्या पुस्तकात त्रेचालीसावा. माजा बीपी पन एवढा खाली-वर होत न्हाय!"

कॉलेजांची नावं त्यांना पाठ होत नाहीत. ते त्यांना फाटकावरून ओळखतात. एक कारंजावालं, एक काचवालं, एक पिंपळवालं. फाटक त्यांना ठाऊक असतं, कारण हा माणूस तिथे प्रत्यक्ष जाऊन येतो. पिशवीत पाण्याची बाटली, दोन भाकऱ्या, हातात ती छत्री. वॉचमनला सांगतात, नातीच्या ॲडमिशनसाठी आलोय. नात नाही, नातू नाही, पण तोंडावर इतका भाबडा भाव असतो की वॉचमन खुर्ची देतो. मग तिथून कँटीन.

"कॉलेजाचा नंबर पुस्तकवाल्याला इचारायचा न्हाय," ते सांगतात, "कँटीनवाल्याला इचारायचा. परीक्षा संपली, तरी टाय लावून कोन कोन वडा खायाला बसतंय, ता त्याला बरोबर ठावं."

पगाराच्या आकड्यांवर तर त्यांचा दात आहे. कुठल्या कॉलेजाने 'सर्वोच्च पॅकेज' असं छापलं, की ते पान दुमडूनच ठेवतात. म्हणतात, "मिठाची रास वरून पांढरीच दिसते वैनी. यापारी आला का आमी वरचा दाखवायचो. पन जो हुशार यापारी हाय ना, तो वाकायचा आनि राशीच्या बुडात हात घालायचा. वला किती, चिखल किती, ता तिथं कलते." म्हणून त्यांचा पहिला प्रश्न नेहमी एकच. सगल्यात कमी किती?

हा प्रश्न ते फक्त कॉलेजला विचारत असते तर गोष्ट वेगळी. पण एकदा सवय लागली, की माणूस कुठे थांबतोय? सत्यनारायणाला आलेल्या गुरुजींना त्यांनी विचारलं, "सगल्यात कमी दक्षिणा किती मिलाली आजपर्यंत?" डॉक्टरांना विचारलं, "तुमच्या हातून कमीत कमी किती बरे झाले?" त्या दवाखान्याची पायरी आम्ही पुढचे सहा महिने चढलो नाही.

आणि पॅकेज म्हटलं की हमखास हे वाक्य: "प्याकेज म्हंजे लग्नाच्या पत्रिकेतली नावं. मांडवात कोन येतंय ता बगायचा." हातात किती पडतो, एवढंच खरं. बाकी विमा, बोनस, कंपनीतलं जेवण, ही सगळी पत्रिकेतली मामा-मावशी.

सोसायटीतली पोरं हसायची, पण बारावी-पंधरावीला आली की हळूच त्यांच्याकडे जायची. मीही हसायचे. मग दोन वर्षांपूर्वी आमच्या मुग्धावर पाळी आली.

मुग्धाने प्रवेशपरीक्षा बरी दिली होती. दोन ठिकाणी नाव लागलं. एक कारंजावालं, एक पिंपळवालं. कारंजावाल्याचं पुस्तक घरी आलं तेव्हा मी ते हातात घेऊन नुसती बसून राहिले. काय तो कागद! काय ती हिरवळ! एका मासिकात नंबर पहिल्या दहांत. सरासरी पगार असा, की मला माझा विमा कंपनीतला इतक्या वर्षांचा पगार आठवून हसूच आलं. आणि खाली ठळक अक्षरांत, शंभर टक्के प्लेसमेंट. पिंपळवाल्याचं काय, तर चार पानांचा साधा कागद, फोटोत एक झाड, आणि झाडाखाली उभ्या सायकली.

जागा पक्की करायला मंगळवारपर्यंत मुदत होती. मी शुक्रवारीच ऑफिसात सांगून मोकळी झाले. संध्याकाळी जिग्नेशभाईंच्या मिठाईच्या दुकानात गेले. ते म्हणाले, "भाभी, कितना किलो? पॅकेज के हिसाब से दूँ?" मी सरासरी आकडा सांगितला. त्यांनी आदराने मोठा बॉक्स काढला. केशरी पेढे, वर पिस्ता. घरोघर वाटले आणि शेवटी तळमजल्यावर गेले.

दामूकाकांनी पेढा उलटासुलटा केला. "पैसे भरले काय?"

"सोमवारी भरणार."

"म्हंजे तीन दिस हायेत." पेढा डबीत गेला. मला वाटलं संपलं. शनिवारी सकाळी बघते तर काका छत्री घेऊन निघालेत. मी वरून विचारलं, कुठे? नुसता हात हलवला.

रविवारी दुपारी बेल वाजली. काका दारात, चपला धुळीने भरलेल्या. पाणी प्यायले आणि म्हणाले, "वैनी, तिथं परीक्षा हून महिना झाला. कँटीनीत दोन बाकडी भरून पोरं बसतात अजून. टाय लावून."

मी म्हटलं, "मग शंभर टक्के कसं?"

"ज्याला मिलाली न्हाय, त्याच्याकडनं लिवून घेतात, मना नोकरी नकोच होती म्हनून. मंग त्याला मोजतच न्हाईत. कँटीनवाला बोलला. एक पोऱ्या पन बोलला." मग मुग्धाकडे वळून, "बाय, पिंपलवाला बगून ये. तिथं काय दडवत न्हाईत."

खरं सांगते, माझं डोकं फिरलं. ऑफिसात सांगून झालं होतं, नणंदेला सांगून झालं होतं, पेढे लोकांच्या पोटात गेले होते. आता हा माणूस कँटीनवाल्याच्या सांगण्यावरून माझ्या मुलीला त्या सायकलींच्या कॉलेजात पाठवणार! माझी जीभ अशीही तिखटच. मी बोलून गेले, "काका, तुम्हाला एवढं कळतंय, तर तुमच्या निलेशने काय दिवे लावले? गोदामातच आहे ना वापीला?"

आमचे हे पेपरातून वर बघायला लागले. मुग्धा म्हणाली, "आई!"

 काकांनी ग्लास नीट टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "खाली चला वैनी. बायला पन घेऊन या."

पार्किंगमध्ये त्यांची जुनी स्कूटर उभी असते. तिच्यावर एक झाकण असतं, पांढरं, जाड, प्लॅस्टिकसारखं. आठ वर्षं मी ते रोज बघत होते. काकांनी दोऱ्या सोडल्या, झाकण ओढून काढलं, फरशीवर पसरलं आणि उलटं केलं.

तो फ्लेक्स होता. आपल्याकडे नाक्यानाक्यावर वाढदिवसांचे लागतात तसला. मध्यभागी काळा गॉगल लावलेला निलेश, गळ्यात टाय, मागे कुणीतरी कॉम्प्युटरवर चिकटवलेली परदेशातली उंच बिल्डिंग. वर लिहिलं होतं, 'आपल्या गावचे सुपुत्र कु. निलेश दामोदर पाटील यांची भरघोस वार्षिक पॅकेजवर निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' पॅकेजचा आकडा निलेशच्या डोक्यापेक्षा मोठा. खाली शुभेच्छुकांचे बावीस पासपोर्ट फोटो, त्यातले दोन तर हयातही नव्हते म्हणे.

"हा आकडा मी दिलता," काका म्हणाले. "कालेजाच्या पुस्तकात सरासरी लिवली होती. शंभर टक्के पन लिवलं होतं. मना वाटला, शंभरात शंभर, म्हंजे माजा पोऱ्या आलाच त्यात. मंग सरासरी म्हंजे त्याचाच पगार, न्हाय का? मी त्याला इचारला पन न्हाय. बोललो, येईल तवा मज्जा बगू. गावात पेढे वाटले. अकरा किलो."

निलेशला नोकरी लागली नव्हती. ते सांगायलाच तो घरी येत होता. स्टेशनवरून रिक्षा मोरव्याच्या नाक्यावर आली, आणि समोर हा फ्लेक्स.

"घरात आला, पाया पडला. मी बोललो, काय सायेब! तो बोलला, सगलं ठीक हाय बाबा. पाठोपाठ गावातली मानसं आली, हार घेऊन. मंग तो कसा बोलनार?"

त्यानंतर चार महिने निलेश रोज सकाळी बॅग आणि डबा घेऊन बाहेर पडायचा. काकी उठून त्याला भाकरी-कालवण करून द्यायच्या. आणि एका दुपारी दामूकाका कुणाकडून तरी ताजी मासळी आणायला खाडीच्या जेट्टीवर गेले. टोकाला एक मुलगा पाठमोरा बसून डबा खात होता. टाय काढून शेजारी ठेवलेला. वर दगड, वाऱ्याने उडू नये म्हणून.

"मी हाक मारली न्हाय," काका म्हणाले. "छत्री घेऊन तसाच मागं फिरलो. हाक मारली असती तर बोलला असता तो. मना लाज वाटली वैनी. त्याची न्हाय. माजी. रातीला जेवायला बसलो, मी इचारला, कसा गेला दिस? बोलला, सगलं ठीक हाय. मी बोललो, बरं."

पुढे वापीला कुणाच्या तरी ओळखीने काम मिळालं, तो गेला. नाक्यावरचा फ्लेक्स काकांनी स्वतः शिडी लावून उतरवला. सगळ्या जगाचा पगार विचारणाऱ्या या माणसाला आपल्या मुलाचा पगार आजवर ठाऊक नव्हता.

मुग्धा त्या फ्लेक्सच्या कडेला उकिडवी बसली होती. तिने विचारलं, "काका, तुम्ही त्याला जेट्टीवर पाहिलंत, हे त्याला सांगितलंत का कधी?"

"न्हाय बाय. अजून न्हाय."

 धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. मी "काका, चुकलं माझं" एवढंच म्हणाले. त्यांनी फ्लेक्सची एक बाजू माझ्या हातात दिली, चादरीच्या घडीला देतात तशी, आणि आम्ही दोघांनी तो पुन्हा छापील बाजू आत करून स्कूटरवर घातला.

सोमवारी आम्ही तिघं पहाटेच्या एसटीने पिंपळवाल्याकडे गेलो. ऑफिसात एक बाई होत्या, चष्म्याला साखळी लावलेल्या. दामूकाकांनी आपला प्रश्न विचारला. "सगल्यात कमी किती?"

बाईंनी वर पाहिलं. मग कपाटातून एक रजिस्टर काढलं, पान उघडलं आणि आकडा सांगितला. ऐकून माझा चेहरा पडला, काकांचा उजळला.

"बसलेत किती अजून?"

"सात," बाई म्हणाल्या. "दोघांसाठी आत्ताच एका कंपनीला फोन केला. एकीला मुलाखतीत बोलताच येत नाही हो, तिला रोज इथे बसवून बोलायला लावतेय." त्या सातही जणांची नावं त्यांना रजिस्टर न बघता पाठ होती.

बाहेर पिंपळाखाली काका मुग्धाला म्हणाले, "बुडात हात घातला बाय. चिखल हाय. पन त्यांनी दाखवला. आता एक धरून चाल, त्या सातात एक तू असशील. चालल का तुला?"

मुग्धा सायकलींकडे बघत म्हणाली, "चालेल."

मुग्धा कॉलेजला राहायला जाताना, म्हणजे बॅगा रिक्षात चढल्यावर, काकांनी तिला सांगितलं, "नोकरी मिलाली तर आईला फोन कर. न्हाय मिलाली तर मना कर. पैला मना." मी हसले. मला वाटलं, म्हाताऱ्याचं काहीतरी.

आता यंदाचं सांगते. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ते माझ्यासाठीच. मुग्धाच्या कॉलेजात मोठी कंपनी आली होती, शेवटच्या पाच जणांत तिचं नाव होतं, आणि दुपारी बाराला निकाल. मी ऑफिसात सांगितलं, नणंदेला सांगितलं, रजा टाकली आणि जिग्नेशभाईंना दोन किलोची ऑर्डर देऊन बसले. मधे जे काही शिकले होते, ते सगळं केशरी पेढ्यात विरघळलं.

बारा वाजले. साडेबारा. एक. मी फोन केला, उचलला नाही. दोन. मी देवापुढचा दिवा विझला नसताना दोनदा लावला. साडेतीनला बेल वाजली. दारात दामूकाका, हातात जिग्नेशभाईंच्या दुकानाचा बॉक्स.

काकांच्या हातात पेढे! ज्या माणसाने जन्मात कुणाच्या नोकरीचा ताजा पेढा तोंडात घातला नाही, तो पेढे वाटतोय, म्हणजे काम फत्ते! मी ओरडलेच, "लागली? कुठे? किती पॅकेज?"

"न्हाय लागली वैनी."

मी बॉक्सकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं.

"बाराला कलला तिला. बारा वाजून बारा मिंटांनी मना फोन आला. पैला रडली. मंग सांगितलं सगलं. कुठं चुकली, काय इचारला, काय आला न्हाय. मी ऐकत व्हतो." त्यांनी बॉक्स पुढे केला. "घ्या. तोंड गोड करा."

"अहो, नोकरी मिळाली नाही म्हणून पेढे?"

"न्हाय मिलाली ता सांगितला म्हनून," दामूकाका म्हणाले. "माज्या पोऱ्याला चार महिने सांगता आला न्हाय. तुमच्या पोरीनं बारा मिंटात सांगितला."

 माझ्या मुलीला आपलं अपयश मला सांगायची भीती वाटली, हे कुणी मला तोंडावर म्हटलं असतं तर मी भांडले असते. काकांनी म्हटलं नाही. पेढे आणले. मला रडू आलं, आणि त्या रडण्यात निम्मी लाज होती, निम्मी कृतज्ञता. हा माणूस नसता, तर माझी पोर आज कुठल्या जेट्टीवर डबा खात बसली असती?

"आता तुमी फोन करा," काका म्हणाले. "काय इचारू नका. जेवली काय, एवढंच इचारा."

मी फोन लावला. या वेळी तिने उचलला. मी म्हटलं, "मुग्धा, जेवलीस का गं?" पलीकडून जोरात हुंदका, मग "नाही गं आई," आणि मग आम्ही दोघी कितीतरी वेळ नुसत्या वरण-भातावर बोलत राहिलो.

नोकरी तिला पुढे सव्वा महिन्याने लागली. आकडा रजिस्टरमधल्या त्या सगळ्यात कमी आकड्याच्या जरासा वर. तिचा पेढा रीतसर अटकेत गेला आणि पहिल्या पगाराला रीतसर सुटला. पण तो मला एवढा आठवत नाही.

मी फोन ठेवला, तेव्हा काका खुर्चीवर छत्री मांडीवर आडवी घेऊन बसले होते. त्यांचं काहीतरी अजून बोलायचं राहिलं होतं.

"बायनं फोन ठेवताना मना इचारला," ते म्हणाले, "काका, मी सांगितलं, आता तुमी निलेशदादाला सांगितलंत काय? मी बोललो, न्हाय. तर बोलते, मग करा की फोन. मंग केला मी. रविवार न्हाय, काय न्हाय. तो घाबरला, बोलला, बाबा, बरं हाय ना? मी बोललो, निल्या, मी तुला जेट्टीवर बगितला व्हता. डबा खाताना. तवा."

"मग?"

"गप झाला. मना वाटला, फोन कटला. मंग बोलला," काकांनी छत्रीच्या ठिगळावरून अंगठा फिरवला, "बोलला, मना ठावं हाय बाबा. मी वलून बगितला व्हता. तुमची छत्री जाताना दिसली."

 इतकी वर्षं दोघं एकमेकांना सगलं ठीक हाय म्हणत होते, आणि दोघांनाही ठाऊक होतं.

"शनिवारी येतंय तो," काका म्हणाले. "दोन दिस ऱ्हातो बोलला."

"पगार सांगितला का त्याने?" मी विचारलं, आणि लगेच जीभ चावली.

"इचारलाच न्हाय," दामूकाका म्हणाले. "जेवला काय, तेवढा इचारला."

मी बॉक्स उघडून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी सवयीने पेढा उलटासुलटा केला. मी म्हटलं, "डबी आणू का?" त्यांनी नको म्हणून मान हलवली आणि सबंध पेढा तोंडात टाकला. बराच वेळ चघळत राहिले, जणू अडकित्ता न लागता पेढा कसा खातात हे आठवत होते.

"मऊ असतो की वैनी," ते म्हणाले. "इसरलो व्हतो."